आज किती लिहू?

१४ सप्टेंबर, रविवार

संस्कृती गेली. सकाळच्या विमानानं मुंबई आणि तिथून फिनलंड. चिकलठाणा विमानतळावर तिच्या आईबापापेक्षा माझ्याच डोळ्यांना जास्त पाणी आलं. हे इथं लिहून ठेवतो, कारण उद्या कुणी विचारलं तर मी नाही म्हणणार आहे.

ही वही तिच्या सरावाची. नऊ वर्षं तिच्या उड्या, तिचं वजन, तिच्या झोपेचे तास मी यातच लिहिले. शेवटची पानं कोरी राहिली, ती वाया का घालवायची म्हणून आता त्यात माझंच लिहिणार आहे. बायको सुलेखा म्हणते, घरात एकट्यानं बडबडत फिरण्यापेक्षा ते बरं.

अठ्ठावीस वर्षं हर्सूलच्या शाळेत पोरींना व्हॉलीबॉल शिकवतोय. राज्य स्पर्धेच्या पुढं एकही गेली नव्हती. ही गेली ती थेट परदेशी क्लबात. हिवाळ्यात पुण्याच्या शिबिराला त्यांची कोच हेन्ना आली होती, तिनं हिचे स्मॅश पाहिले आणि तिथंच नाव लिहून घेतलं. शाळेनं चौकात फ्लेक्स लावलाय. त्यावर माझा फोटो संस्कृतीच्या फोटोपेक्षा मोठा आहे. मी तसा लावा म्हटलं नव्हतं, पण काढा असंही म्हटलं नाही.

तिचा बाप गोकुळ कंपनीची बस चालवतो, आई आशाबाई शेंद्र्याला कारखान्यात पॅकिंगमध्ये आहे. घर करमाडला. दहावीनंतर पोरगी आमच्याकडेच राहिली, सुलेखाच्या हातचं खाऊन वाढली. निघताना पाया पडली तेव्हा मी तिला तीनच गोष्टी सांगितल्या. कोचचं ऐक, थंडीत कान झाक, आणि काहीही झालं तरी आधी मला विचार.

"व्हय सर," म्हणाली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पोचली. गावाचं नाव मला अजून नीट उच्चारता येत नाही. क्लबच्या डॉक्टरनं दहा मिनिटं तपासलं. गुडघा वाकवला, सरळ केला, एका पायावर उभं केलं आणि ठीक आहे म्हणाला. सकाळपासून झाकून ठेवलेलं ताट मग मी पुढं ओढलं.

ही वही कुणी वाचत नाही, म्हणून लिहायला हरकत नाही. मे महिन्यात सराव करताना संस्कृती उजव्या पायावर चुकीची उतरली. गुडघा टरारून सुजला. सुलेखा दवाखान्यात हाडांच्या वॉर्डात सिस्टर आहे. ती म्हणाली, एमआरआय काढा. मी काढला नाही. एमआरआय काढला की कागद तयार होतो, आणि कागद एकदा तयार झाला की माणूस जाईल तिथं त्याच्या आधी पोचतो. मी तिला पाचोडला नेलं. तिथं बाजाराच्या दिवशी एक हाडं बसवणारा बसतो. तीन बाजार तेल आणि पट्टी केली. सूज उतरली.

त्याच आठवड्यात क्लबचा फॉर्म आला. गेल्या दोन वर्षांत गुडघा, घोटा किंवा खांदा दुखावला होता का? मी 'नाही'वर खूण केली. संस्कृती शेजारच्या खुर्चीत होती. खूण करताना तिनं पाहिली. खाली बारीक अक्षरात होतं की माहिती खोटी निघाली तर करार रद्द. तेही मी वाचलं. करार डिसेंबरपर्यंतचा आहे, चांगली खेळली तर मोसमभर ठेवतील. दुखापतीवाली पोरगी इतक्या लांबून कोण बोलावतं?

खोटं लिहिलं असं मला वाटत नाही. सूज उतरली होती.

१७ सप्टेंबर, बुधवार

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन. पोरांच्या रांगा लावत होतो तेवढ्यात खिशात फोन वाजला. तिथं रोज सकाळी सरावाआधी प्रत्येकीच्या मोबाइलवर प्रश्न येतात. झोप कशी झाली, मन कसं आहे, अंग किती दुखतंय. शून्य ते दहा यातला आकडा टाकायचा. पाच किंवा त्याच्या वर गेला तर डॉक्टर बोलावून घेतो.

"सर, आज किती लिहू?"

मला या लोकांचं नवल वाटलं. दुखतंय का हे खेळाडूलाच विचारतात. आमच्या वेळी असं विचारलं असतं तर अर्धा संघ सावलीला बसला असता. पण खरं सांगायचं तर छाती फुगली. एवढ्या लांब जाऊनही पोरगी मला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. शून्य टाकलं तर संशय येईल, पहिल्या दिवशी थोडंफार सगळ्यांचंच दुखतं, असा विचार करून मी कळवलं, "दोन लिही."

तिनं अंगठा पाठवला. तोवर इकडं राष्ट्रगीत सुरू झालं होतं, मुख्याध्यापक माझ्याकडं बघत होते.

१८ सप्टेंबर

दोन.

१९ सप्टेंबर

दोन. तिनं विचारलं, "कालपण दोनच होते, चालंल का?" चालेल म्हणालो.

२० सप्टेंबर, शनिवार

शाळा सकाळची होती. घरी येऊन पाणी प्यायलो आणि सुलेखाला कौतुकानं सांगितलं की तिकडचा आकडासुद्धा इथून ठरतो. ती बादलीतले कपडे पिळत होती.

"ती तुम्हाला विचारती. तुम्ही तिला विचारता का?"

"काय?"

"किती दुखतंय ते."

मी तिला समजावलं की खेळाडूला दुखण्याची आठवण करून द्यायची नसते. आठवण करून दिली की दुखणं वाढतं. मी स्वतः शहाण्णव साली आंतरविद्यापीठ स्पर्धेत सुजलेल्या पायावर पाच सेट खेळलो. दर वर्षी नव्या बॅचला मी ही गोष्ट सांगतो आणि पोरी डोळे मोठे करून ऐकतात.

"अन् पुढच्या वर्षी?" सुलेखानं विचारलं.

"पुढच्या वर्षी नोकरी लागली."

ती बादली उचलून गच्चीवर गेली. कपडे वाळत घालायचं काम तिच्याकडं आहे, मला जिना जमत नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज सराव सामना क्लबनं मोबाइलवर दाखवला. मी तो टीव्हीला जोडला. बोलणाऱ्याचा एक शब्द कळत नव्हता, पण मध्येच "संस्कृती" असं अर्धवट काहीतरी ऐकू आलं की अंगावर काटा यायचा. अकरा गुण मिळवले पोरीनं. स्मॅशसाठी बॉल उचलून देणारी लिफ्टर तिला तो जरा लांब देते, हे मी लिहून घेतलंय, तिला कळवतो.

एक गोष्ट लक्षात आली. स्मॅश मारल्यावर ती फक्त डाव्या पायावर उतरते. हे मी शिकवलेलं नाही, तिचं तिनंच शोधलं. हुशार आहे.

सुलेखा कणकेच्या हातांनी मागं उभी होती. "उजवा पाय टेकवतच नाही ती," म्हणाली.

"तेच तर म्हणतोय मी."

सामना संपल्यावर बातमी आली. ४ ऑक्टोबरच्या शनिवारी लीगचा पहिला सामना आहे आणि सुरुवातीच्या सहा जणींत संस्कृतीचं नाव आहे. मी मुख्याध्यापकांना फोन केला, गोकुळला केला, जिल्हा संघटनेच्या दोघांना केला. मग कुणी उरलं नाही म्हणून दूधवाल्याला सांगितलं.

२५ सप्टेंबर, गुरुवार

"सर, आज किती लिहू? खरंच सांगा."

तीन म्हणालो. लगेच दुसरा मेसेज आला. "सर, पाच लिहिलं तर?"

पाच म्हणजे डॉक्टरच्या दारात जाऊन उभं राहणं. डॉक्टर म्हणजे फोटो, फोटो म्हणजे मे महिना, आणि मे महिना म्हणजे परतीचं तिकीट. हे मी तिला लिहिलं नाही, तिला कळतं. एवढंच लिहिलं, "तीनच. चार तारखेचा शनिवार होऊ दे, मग बघू."

आज अंगठा आला नाही. बहुतेक बसमध्ये असेल.

२८ सप्टेंबर, रविवार

व्हिडिओ कॉल. संस्कृती पलंगावर बसली होती, पायाखाली दोन उश्या. तोंड बारीक झालंय. मी म्हटलं, तिकडचं खाणं मानवत नसेल. लिफ्टरला कुठं हात दाखवायचा ते मी तिला खुर्चीतून उठून करून दाखवलं. ती व्हय सर, व्हय सर म्हणत राहिली. मग म्हणाली, "सर, इथं बर्फाच्या पिशव्या मागंल तेवढ्या देतात."

"चांगलं आहे की," मी म्हणालो.

मग सुलेखानं फोन घेतला आणि गच्चीवर गेली. अर्ध्या तासानं खाली आली तेव्हा डोळे लाल होते. काय झालं विचारलं तर म्हणाली, कांदा. गच्चीवर कांदा नसतो एवढं मलाही कळतं. पुढं विचारलं नाही.

मला भीती वाटते आहे. शनिवारी एक उडी चुकली तर गुडघा कायमचा जाईल, हे मला सुलेखानं मे महिन्यातच सांगितलं होतं. आणि आज तोंड उघडलं तर करार जाईल. दोन्हीकडून पोरगीच मरते. आणि अशी कोंडी करणारी खूण कुणी केली, असं कुणी विचारलं तर? पण हे लिहून काय उपयोग. शनिवार निघून गेला पाहिजे. एकदा तिचं नाव झालं की क्लबच तिच्या गुडघ्याची काळजी घेईल.

२९ सप्टेंबर, सोमवार

रोज दहाला येणारा मेसेज आला नाही. सव्वादहा, साडेदहा. सहावीची हजेरी मी दोनदा घेतली, पोरं हसली. पावणेअकराला मीच लिहिलं, "तीन लिही." दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

दुपारी दीडला आलं. "सर, मी लिहिलं."

"किती?"

"आठ."

३० सप्टेंबर, मंगळवार

काल संध्याकाळीच त्यांनी एमआरआय काढला. गुडघ्यातली गादी फाटलीय आणि फाटणं जुनं आहे, निदान चार महिन्यांचं. हे तिनं सुलेखाला कळवलं, मला नाही. फॉर्म काढून तिच्यापुढं ठेवला गेला. शुक्रवारी क्लबची बैठक आहे. तिला ठेवायचं का परत पाठवायचं ते त्यात ठरणार.

मी तीन वेळा फोन लावला. उचलला नाही. मग मी लिहिलं, "मला न विचारता?" त्यालाही उत्तर नाही.

राग आलाय. लपवत नाही. नऊ वर्षं पहाटे साडेपाचला ग्राउंडवर मी उभा राहिलो. तिचे बूट, तिचा आहार, तिची झोप, सगळं मी पाहिलं. चार दिवस, फक्त चार दिवस दम धरायचा होता. पाच सेट खेळणारी माणसं होती आमच्यात. सुलेखानं ताट वाढलं आणि स्वतः वॉर्डातल्या ड्यूटीची वेळ नसताना बाहेर निघून गेली.

१ ऑक्टोबर, बुधवार

मधल्या सुट्टीत आशाबाई शाळेत आल्या. पाळी संपवून थेट आल्या होत्या, कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच होतं. मी खुर्ची दिली. बसल्या नाहीत.

"सर, पोरीनं तुमचं नाव नाय घेतलं."

"कुठं?"

"तिथं. फारमवर म्याच लिवलं म्हनून सांगितलं तिनं. कुनीबी सांगितलं नव्हतं, म्याच लपीवलं म्हनली."

मी म्हणालो, एवढं दुखत होतं तर मला सांगायला पाहिजे होतं तिनं.

"रोज मला सांगायची. सहा हाय आई, सात हाय आई. म्या म्हनलं, सरांना सांग की. तर म्हनायची, सरांनी इचारलं की सांगीन."

बाहेर पोरं नळावर भांडत होती. मी उगीच शिट्टी वाजवली. मग म्हणालो, "आशाबाई, तुम्ही तरी सांगायचं."

"तुमी सर हाव. तुमाला आमी काय सांगायचं?" टोमणा नव्हता त्यात. खरंच तसंच वाटतं त्यांना. "शुक्रवारी तिची मीटिंग हाय. गुडघा नीट हुईल, सुलेखाताई म्हनल्या. पन खोटारडी म्हनून वापस धाडली तर पोरगी मोडंल. मला काय इंग्रजी येत नाय सर."

एवढंच बोलून त्या करमाडच्या रिक्षाला निघाल्या. तुम्हाला येतं, असं त्या म्हणाल्या नाहीत.

संध्याकाळी बसून विचार केला. मी हेन्नाला खरं कळवलं तर बातमी पुण्यापर्यंत जाईल. संघटनेतले लोक वर्षानुवर्षं अशाच संधीची वाट बघतायत. ग्राउंडवर अकरा पोरी आहेत, त्यांतल्या दोघी उद्या राज्याच्या संघात येऊ शकतात. त्यांना माझ्या नावामुळं कोण घेईल? आणि संस्कृती लहान आहे, परकी आहे, कदाचित ते तिला माफ करतील. असं मी सुलेखाला बोलून दाखवलं.

ती म्हणाली, "फॉर्म भरत होतात तेव्हा मी चहा द्यायला आले होते. खूण कुठं केली ते मला दिसलं होतं. लिहाल तेव्हा माझंही नाव टाका."

चहा दिला होता तिनं, मला आठवतंय, आणि जाताना क्षणभर थांबलीही होती.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

दर दसऱ्याला मी नेट, पंप आणि बॉल पाटावर मांडून पूजा करतो. आज झेंडू वाहिला, कुंकू लावलं, आणि नमस्काराला हात जोडले तेव्हा काय मागावं ते कळेना. तसाच उठलो आणि टेबलाशी बसलो.

आधी मराठीत लिहिलं, मग फोनकडून इंग्रजी करून घेतलं, मग ते सुलेखाला वाचायला दिलं. मराठी असं होतं:

"हेन्नामॅडम, फॉर्मवर 'नाही' मी लिहिलं. मे महिन्यातली दुखापत मला माहीत होती आणि मी तिला डॉक्टरकडं नेलं नाही. संस्कृती शेजारी बसली होती. सरांना उलट बोलायचं नाही ही सवय तिला मीच लावली आहे. तुमचा रोजचा आकडासुद्धा इथून मी सांगत होतो. किती दुखतंय ते मी तिला एकदाही विचारलं नाही. सोमवारचा आठ हा तिचा स्वतःचा आकडा आहे. ती खोटं बोलली असेल तर आता बोलली आहे, मला वाचवायला. तिला परत पाठवू नका."

सुलेखाचं नाव टाकलं नाही. तिनं वाचलं, "माझं राहिलं," म्हणाली. मी म्हटलं, चहा देणं हा गुन्हा नाही.

चार वाजून बारा मिनिटांनी पाठवलं. पाठवलेलं परत घ्यायची सोय असते का ते पाहिलं. असते, पण काही सेकंदांचीच. ते सेकंद मी नुसता बसून घालवले.

मग मुख्याध्यापकांकडं आपट्याची पानं द्यायला गेलो आणि त्यांनाही सगळं सांगितलं. त्यांनी पानं हातात धरून ठेवली, सोमवारी ऑफिसात या म्हणाले.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवसभर काही नाही. पोरींना नेट न लावताच पळायला लावलं. त्यांतली एक लंगडताना दिसली. तिला थांबवलं आणि विचारलं, किती दुखतंय? ती घाबरली. काहीच नाही सर, म्हणाली आणि पुढं पळायला लागली. मी तिला हाक मारून बसवलं. ती रडायला लागली, तिला वाटलं मी संघातून काढलं. तिची समजूत काढता काढता अंधार पडला.

साडेसहाला हेन्नाचं उत्तर आलं. सहा आठवडे उडी बंद, रोज व्यायाम, ऑपरेशनची गरज नाही. अजून दोन सामने खेळली असती तर वेगळं बोलावं लागलं असतं, असं डॉक्टरचं मत आहे. करार डिसेंबरपर्यंत कायम. डिसेंबरात गुडघा पाहून पुढचं ठरेल. खोटं बोलल्याबद्दल तिला समज दिली आहे, आणि का बोलली ते आम्हाला आता कळलं आहे.

मग माझ्यासाठी एक अट होती. यापुढं तिचा सराव, तिचं शरीर, तिचं खाणं, तिची झोप यांबद्दल मी तिला काहीही लिहायचं नाही. सणाच्या शुभेच्छा चालतील. मान्य असेल तर कळवा.

मी दोनदा वाचलं. फोननं चुकीचं मराठी केलं असेल म्हणून सुलेखाकडून पुन्हा वाचून घेतलं. बरोबर होतं. मी मान्य आहे असं कळवलं. मग मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडलो. नऊ वर्षांनंतर आता सणाच्या शुभेच्छा.

पोरगी राहिली. हे आधी लिहायला हवं होतं.

४ ऑक्टोबर, शनिवार

साडेसातला सामना लागला. संस्कृती बाकावर होती, अंगात क्लबचा ट्रॅकसूट, गुडघ्याला काळा पट्टा. तिच्या जागी एक उंच पोरगी खेळत होती. हात चांगला, पाय जड. मी लिहून घ्यायला पेन उचललं आणि खाली ठेवलं.

दुसऱ्या सेटमध्ये त्या उंच पोरीचा स्मॅश थेट पंचाच्या खुर्चीवर गेला. पंच दचकून खाली उतरला. बाकावर संस्कृती शेजारणीच्या कानात काहीतरी बोलली आणि दोघी हसायला लागल्या. संस्कृती तर मान मागं टाकून हसत होती, हाताच्या पंजानं स्वतःच्या मांडीवर थापा मारत. कॅमेरा तिच्यावरच थांबला.

नऊ वर्षं मी तिला कोर्टाजवळ पाहतोय. ती असं हसते हे मला माहीत नव्हतं.

हात आपोआप फोनकडं गेला. "बाकावर हसू नको, कोच बघते," एवढं लिहून झालं होतं. अंगठा तसाच थांबला. मग एकेक अक्षर पुसत मागं आलो.

"कुणाला लिहिताय?" सुलेखानं विचारलं.

"कुणाला नाय."

तिनं टीव्हीचा आवाज वाढवला. क्लब एक विरुद्ध तीन सेटनं हरला. शेवटचे दोन सेट कसे गेले ते मला सांगता येणार नाही, मी बाकाकडंच बघत होतो.